दोन बोटांच्या तोंडाचं मडकं

रितेश, ब्रश धुऊन ठेव आधी. लाइट तासाभराने येईल, नायतर सकाळीच. अंधारात डोळे आखशील तर बाप्पा तिरळा होईल आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने बोंब मारेल. या, इकडे सरका सगळी. नमिता, तू दाराशी नको बसू... काय नाय गो, वारा येतो, म्हणून म्हटलं.

गोष्ट खरी आहे. हसायला काय झालं? ज्याच्या घरात घडली तो माणूस माझ्या पंगतीला जेवलेला आहे. काळुराम समजा त्याचं नाव. त्याचाही गणपतीचा कारखाना, इथून हाकेच्या अंतरावर. कुठला ते विचारायचं नाय.

तर, दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर संपत आला होता. काळुरामची मुलगी मनाली पेणला सिस्टर लोकांच्या शाळेत दहावीला. एका संध्याकाळी ती घरी येते आणि म्हणते, "बाबा, मला एक मडकं पायजे. रिट्रीटला."

"रिट्रीट म्हंजे काय गो?"

"दोन दिवस निडीला जाऊन ऱ्हायचं. दहावीच्या मुलींनी. फोन नाय, टीव्ही नाय. गप बसून आपल्या मनात काय हाय ते बघायचं."

"आणि मनात काय नसलं तर?"

"मग जेवून झोपायचं."

काळुराम हसला, पण बापच तो. हळूच विचारलं, "डोक्यावर पाणीबिणी शिंपडतात काय?"

"नाय हो! अर्ध्यापेक्षा जास्त मुली आपल्याच गावांतल्या हायत."

मडक्याचं कारण असं. त्या रिट्रीटमध्ये एक रीत असते. शनिवारी रात्री प्रत्येक मुलीने मनाला जे टोचतं ते चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाय. चिठ्ठी मडक्यात टाकायची, मडकं शेकोटीत ठेवायचं. कोणी वाचायचं नाय, चिठ्ठी जळली की ओझं गेलं. सिस्टरला वाटलं, जोहे गावची, गणपतीवाल्यांची मुलगी म्हणजे घरात मातीच माती, मडकं हिनेच आणावं. आता गणपती करणारा आणि मडकी करणारा यांत फरक किती, ते सिस्टरला कुठून कळणार?

काळुराम म्हणाला, "आपल्याकडे चाक नाय गो. पेणच्या बाजारातून आण एक." पण मनाली हट्टी. तिने काय केलं माहितीय? आपल्या बाप्पाच्या पोटाचा साचा असतो ना, त्यात शाडू दाबून दोन अर्धी काढली आणि जोडली. गणपतीच्या पोटाचं मडकं! आतून ओलं फडकं फिरवून गुळगुळीत केलं आणि वर तोंड ठेवलं इवलंसं. दोन बोटं जातील, तिसरं नाय. आत टाकलेलं कोणाला काढता येऊ नये म्हणून. मग नऊ दिवस सावलीत सुकवलं.

पोरीने एवढी काळजी का घेतली, तर तिच्या मनात खरंच एक गोष्ट टोचत होती.

काळुराम प्लास्टरच्या मूर्तीला बुडातून, आतून शाडूचा लेप द्यायचा आणि शाडूची म्हणून विकायचा. सगळ्या नव्हे, शहरातल्या लोकांच्या तेवढ्या. त्या मूर्तींचे डोळे मनाली आखायची. घरात कोणी बोलायचं नाय, पण तिला ठाऊक होतं. लोक येऊन त्या डोळ्यांपुढे हात जोडायचे आणि हिला झोप लागायची नाय.

आता दुसरी मुलगी. सुरभी. तिच्या बापाचा कारखाना काळुरामच्या बरोबर समोर. दोन्ही बाप एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेले आणि पोरी मात्र पहिलीपासून एका डब्यात जेवणाऱ्या. निडीला जाताना गाडीत मडकं अर्धं हिच्या मांडीवर, अर्धं तिच्या.

शनिवार, नऊ डिसेंबर. अमावास्येला तीन दिवस बाकी. निडी स्टेशनवरून शेतं तुडवत गेलं की आंब्यांच्या आत ते घर. चौदा मुली, दोन सिस्टर आणि चुलीपाशी धोंडुबाई. धोंडुबाईने मडकं हातात घेतलं, नखाने वाजवून बघितलं.

"कच्चंय गो हे."

"आगीत भाजेल मावशी."

"मडक्याचं नाय म्हणत. चिठ्ठ्या सगळ्या जळूदे. मागं एका पोरीची चिठ्ठी मैत्रिणीने ठेवून घेतली, न् सगळ्यांसमोर वाचली. सकाळी त्या पोरीची गादी रिकामी. टेशनावर कोणी बघितली नाय, घरी पोचली नाय. तवापासून एक जरी चिठ्ठी ऱ्हायली, तरी ती येते बघायला."

"धोंडुबाई!" आतून सिस्टरचा आवाज. "मुलींना घाबरवू नका."

"मी कुठं काय बोललू?" म्हणत धोंडुबाई भाकऱ्यांकडे वळली.

रात्री साडेआठला चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्या सारख्या, पांढऱ्या. मनालीने लिहिलं, "आमच्या कारखान्यात प्लास्टरचे गणपती शाडूचे म्हणून विकतात. डोळे मी आखते." चिठ्ठीची चौकोनी घडी घातली. शुक्रवारी रात्री ती माघी गणपतीचे मुकुट रंगवत बसली होती. नखात सोनेरी रंग अडकलेला, त्याचा एक ठिपका घडीच्या कोपऱ्याला लागला.

मडकं फिरवायचं काम सिस्टरने सुरभीला दिलं. ती एकेकीच्या हातातून चिठ्ठी घेई, मडक्यात सारी. मनालीने तिच्या हातावर चिठ्ठी ठेवली आणि तिचं बोट दाबलं. सुरभी हसली.

शेकोटी पेटली. मडकं मधोमध. तोंडातून धूर आला, मग एक बारीक निळी जीभ. मनालीला वाटलं, छातीवरून कोणीतरी पाट उचलला. रडायलाच आलं तिला.

मग सिस्टरने घंटा वाजवली. आता मौन. सकाळची घंटा होईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाय. काही झालं तरी.

काही झालं तरी, हां. ध्यानात ठेवा.

हॉलमध्ये ओळीने चौदा गाद्या. मनालीची पहिली, सुरभीची शेवटची. झिरोचा बल्ब भिंतीवरच्या घड्याळाखाली.

मनालीला जाग आली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

गादीच्या काठावर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. केस मोकळे.

तिला वाटलं, सुरभी. झोप येत नसणार. बोलायची तर बंदी. मनालीने मायेने हात पुढे केला.

तो हात तिने घेतला. गार. आणि ओला... शाडू कालवताना असतो तसा.

मनालीची मूठ तिने उलटी केली. एकेक बोट उघडलं. तळव्यावरून अंगठा फिरवला, जसं काही शोधतंय. मग हात परत गादीवर ठेवला. अगदी हळू.

आणि उठली.

दुसऱ्या गादीपाशी बसली. त्या मुलीचा हात. एकेक बोट. मग तिसरी. चौथी. कोणी जागं झालं नाय.

मनाली बघत राहिली. वेडी आहे ही सुरभी, काय करतेय... असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिची नजर ओळीच्या टोकाला गेली.

शेवटच्या गादीवर गोधडीखाली उजेड होता.

किल्लीला असते ना छोटी टॉर्च, तेवढा उजेड. गोधडीला एका बाजूने फट. फटीत सुरभीचा चेहरा. सुरभी वाचत होती. दोन बोटांत पांढरी चिठ्ठी. कोपऱ्यात सोनेरी ठिपका चमकला.

आणि सुरभी हसत होती. संध्याकाळी हसली होती ना, तसंच.

मनालीने ठिपका ओळखला. दहा वर्षांचा डबा. मांडीवरचं मडकं. तेव्हाच, घेतानाच, हातात ठेवून घेतली हिने. आता सकाळी बापाला देईल. हमरापूरपासून पेणपर्यंत बोभाटा होईल. बाबा कुठं तोंड दाखवतील?

हे सगळं मनात आलं. मग दुसरं आलं.

सुरभी तिथं आहे. मग ही...?

दहावी गादी. अकरावी.

मनालीच्या घशात हाक आली. एक हाक मारली असती, 'सुरभे, टाक ती!' बस. तेवढ्यानं भागलं असतं.

बारावी.

पण मौन होतं ना.

तेरावी.

मनालीने ओठ मिटले. खरं सांगायचं तर, मौनासाठी नाय मिटले.

मोकळे केस शेवटच्या गादीवर वाकले. टॉर्चचा उजेड... गेला.

एक आवाज आला नाय.

सकाळी घंटा झाली. तेरा मुली एकदम चिवचिवायला लागल्या. सुरभी गादीवर बसून. डोळे उघडे, तोंड बंद. उजवी मूठ आवळलेली. सिस्टरने सोडवली, सुटेना. दोघींनी धरली, सुटेना. शेवटी धोंडुबाईने कोमट तेल घातलं, तेव्हा दुपारी एकेक बोट उघडलं.

आत काय? काय नाय. चिठ्ठी नाय, कपटा नाय. गादी झटकली, गोधडी झटकली. नाय.

तिसऱ्या दिवशी सुरभीला वाचा आली. मनाली बघायला गेली होती. खोलीत दोघीच. सुरभीने तिच्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं,

"तू जागी व्हतीस ना?"

...

मनाली उठून घरी आली. त्यानंतर दोघी एका डब्यात जेवल्या नाय. कोणी कोणाला दगा दिला, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर हिशेब बरोबरीत सुटला, आणि दोघीही हरल्या.

सुरभीच्या बापाला आजतागायत काही कळलेलं नाय. मनालीने मात्र घरी येऊन काळुरामला सगळं तोंडावर सांगितलं. त्या वर्षापासून त्याच्या मूर्तींच्या बुडावर स्वच्छ लिहिलेलं असतं, प्लास्टर. आता ही गोष्ट तुम्हांला कळली. बाहेर सांगायची इच्छा झाली तर रात्री आधी आपली मूठ बघून झोपा.

मडकं? ते धोंडुबाईने राखेतून काढून दिलं. तडा नाय, चांगलं भाजलेलं. काळुराम घरात ठेवेना, म्हणून माझ्याकडे आलं. ते काय, तुझ्या मागे, फळीवर. रितेश, उतरव. घाबरतोस काय घोड्या? मोबाइलची बॅटरी तोंडाला लाव आणि बघ आत.

दिसला? पंजा. पाची बोटं.

"काका, साच्यात दाबताना मनालीचाच उमटला असेल."

शाबास. काळुरामही हेच म्हणाला होता. पोरगी म्हणते, मी फडक्याने पुसलं होतं. पण राहूदे, तिचाच समज. आता पंजाच्या मधोमध बघ. चौकोनी घडीचा ठसा आहे ना, मातीत रुतलेला? चिठ्ठी तर मडकं सुकून खडखडीत झाल्यावर लिहिली होती.

आणि घडीच्या कोपऱ्यात बघ... नीट धर बॅटरी.

सोनेरी आहे ना?