विंगेतली ताई

"ताई, या वेळी तू येऊ नकोस!" घास तोंडाशी नेता नेता धाकटा भाऊ म्हणाला, आणि वाढता वाढता ताईचा हात जागच्या जागी थांबला.

साथ आली, नाट्यगृहांना कुलपं लागली, तेव्हापासून या घरात हसणंसुद्धा महाग झालं होतं. वडिलांनी रक्ताचं पाणी करून उभी केलेली नाटक कंपनी. तिच्यावर पोट असलेले पडदेवाले, प्रकाशवाले, सुतार, शिंपी... सगळे हातावर हात ठेवून घरी बसले होते. आणि अशात सरकारने मदत जाहीर केली! अट एकच, की रिकाम्या नाट्यगृहात, घरोघरी थेट दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांसमोर, सबंध प्रयोग न थांबता करून दाखवायचा. तो पार पडला, तर कंपनीतल्या लहानथोर सगळ्यांना नाट्यगृहं उघडेपर्यंत मानधन मिळणार होतं. मध्येच अडला, तर मदतीवर पाणी सोडायचं.

"मी न येऊन कसं चालेल रे?" ताईने हळूच विचारलं. "विंगेत कोण..."

"विंगेत आता मास्क लावून बसावं लागणार. आणि प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर मायक्रोफोन टाचणी पडली तरी टिपतात! तुझी कुजबुज घरोघरी ऐकू गेली, तर लोक हसतील. आणि मला आता लागतं कुठे काही? सगळं तोंडपाठ आहे. तू आपली घरी आराम कर."

आराम!... ताईच्या काळजात कळ उठली. एके काळी ती याच कंपनीची नायिका होती. वडील गेले आणि कोवळ्या भावाला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं, तेव्हा भर प्रयोगात त्याची बोबडी वळली. ताई समोर दिसली तरच बोलेन, म्हणून तो हटून बसला. आणि ताईने चेहऱ्यावरचा रंग पुसला, संहिता उचलली आणि विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसली, ती आजतागायत. तिच्या ओठांकडे बघत तो बोलत गेला, टाळ्या घेत गेला, मोठा नट झाला... आणि ते शब्द आपल्याच डोक्यातून येतात, असं त्याला मनापासून वाटू लागलं! त्यात लबाडी नव्हती, सवयच तशी पडली होती. ताई मात्र गप्प राहिली. दुसऱ्यांची वाक्यं सांगण्यात तिचं आयुष्य गेलं होतं; स्वतःचं वाक्य तिला ऐन वेळी सुचत नसे.

पहिल्याच तालमीहून भाऊ पाय आपटत घरी आला. प्रकाशवाल्याचं लक्ष नाही, सुताराने दार अडनिडं लावलंय, बायकोच्या एन्ट्र्या चुकतात... त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"माझ्या एन्ट्र्या?" वहिनीचा पारा चढला. "अहो, सारखे विंगेकडे बघत होतात, आणि तिथे रिकामं स्टूल! तुमचं पाठांतर इथे घरी स्वयंपाक करत बसलंय, त्याचं खापर आमच्या डोक्यावर कशाला?"

भाऊ तरातरा दाराकडे निघाला... पण उंबऱ्याशीच थबकला. वळला, तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"ताई... मला खरंच काही आठवत नाही गं! आणि विंगेत मास्कशिवाय कुणाला बसवायचं नाही म्हणतात, मग तुझे ओठ दिसणार कसे? काय करू मी?"

या एका क्षणी ताईला केवढं बोलता आलं असतं! पण तिच्या अंतःकरणात रागाऐवजी जुनी माया दाटून आली.

"स्टेजवर एक माणूस वाढवता येईल?"

"येईल. नट असला तर."

"मग मी घरातली मुकी आत्या होते. अगदी पुढे बसेन, प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे पाठ करून. नटांना मास्क नाही, तुला माझे ओठ दिसतील. आवाजाची गरजच नाही."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "वन्सं, ज्या स्टेजवर तुम्ही नायिका होतात, तिथे आता पाठ दाखवायला जाणार?"

"अगं, शिंप्याच्या घरी चूल पेटेल ना? आणि पाठीला रंग फासावा लागत नाही, तेवढीच बचत!" ताई हसली. भाऊ मात्र हसला नाही. ताई नायिका होती, हे त्याच्या ध्यानीमनी राहिलं नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. ओळीच्या ओळी रिकाम्या खुर्च्या, मधोमध कॅमेरे, आणि एका कोपऱ्यात सरकारी निरीक्षकबाई. पाठमोऱ्या ताईचे ओठ हलत होते आणि भाऊ बोलत होता. असं करत शेवटचा प्रवेश आला. नायकाचं ते लांबलचक भाषण, ज्याच्यावर भावाने आजवर टाळ्या वसूल केल्या होत्या...

ताईने पहिला शब्द ओठांवर आणला. भाऊ बोलेना! तिने तो पुन्हा आणला. तो तिच्या ओठांकडे बघतच नव्हता. उजेडात आलेल्या तिच्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. देवा, आता सगळं बुडालं!

भाऊ जागेवरून हलला, तिला ओलांडून पुढे आला आणि स्टेजच्या कडेला, कॅमेऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला. आयुष्यात ज्याने प्रेक्षकांना कधी पाठ दाखवली नव्हती, तो! त्याच्याकडे बघायला ताईला वळावंच लागलं... आणि सगळे दिवे तिच्या तोंडावर आले.

"ताई," तो म्हणाला. नाटकात ती आत्या होती, पण तो ताईच म्हणाला. "हे स्टेज तुझं होतं गं... मी घेतलं. आज तू बोल."

"बोला, सगळं घर ऐकतंय," वहिनीने मागून नाटकातल्याच सुरात सांभाळून घेतलं. प्रयोग थांबवायला निरीक्षकबाईंनी हात वर केला नाही. प्रयोग चालूच होता.

ताईने तोंड उघडलं, पण शब्दच आठवेना! तिने घाबरून भावाकडे पाहिलं. त्याच्या गालांवरून आसवं ओघळत होती, आणि त्याचे ओठ, आवाज न करता, सावकाश, तिला पहिला शब्द सांगत होते.

तो शब्द तिने उचलला, आणि मोठ्याने म्हटला.