तीन हिसके

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळची आहे. सात ते साडेनऊ, एवढ्या वेळातली. चांगलं उजाडलेलं होतं. फक्त नदीवर धुकं होतं.

घडली ती माझ्या मामाच्या बाबतीत. तो आणि त्याच्या बहिणीचा नवरा, दोघं जोडीने शार्क धरायचे. मामा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मीही इथे दाजीच लिहितो. दाजी म्हणजे माझे वडील. तेव्हा मी आईच्या पोटात होतो, पाचवा महिना.

शार्क नदीत कुठून आला, असं शहाणे लोक विचारतात. आमची नदी समुद्राला मिळायच्या आधी रुंद होते. भरती आली की खारं पाणी आत घुसतं, आणि पाण्यामागून मासा. माणसापेक्षा लांब, काळपट पाठीचा. या दोघांकडे होडी नव्हती. ते काठावरूनच धरायचे.

ओहोटीला पाणी हटलं की दीडशे पावलं नुसता गाळ उघडा पडतो. एकाने कमरेला दोराचा वेढा घेऊन, खांद्यावर त्याच दोराच्या टोकाची साखळी, गळ आणि आमिषाला माशाचं मुंडकं टाकून पाण्याच्या कडेपर्यंत जायचं. दुसऱ्याने काठावरच्या खांबाशी दोर धरून बसायचं. गाळाचा भरवसा नाही, कधी गुडघा आत जातो, कधी कंबर. म्हणून खूण ठरलेली होती. तीन हिसके आले की ओढ. गळ टाकून झाला की कमरेचा वेढा सोडायचा आणि दोर चाचपत परत यायचं.

मग भरतीची वाट बघायची. मासा लागला की दाजी खांबाशी टाचा रोवून ओढायचे, मामा सोटा घेऊन पाण्यात उतरायचा.

मारायचं काम मामाचं. डोकं वर आलं की बघत बसायचं नाही, हाणायचं. त्याचा आधीचा एक जोडीदार बघत बसला होता. मासा त्याची पोटरी घेऊन गेला. तेव्हापासून मामा आधी हाणायचा, मग बघायचा. पहिला घाव नाकाडावर, दुसरा डोळ्यांच्या मागे. कवटी फुटली तरी मासा शेपटी आपटतो, जबडा उघडतो, मिटतो. मामा घरी यायचा तो कोपरापर्यंत लाल होऊन.

"तुझ्या भावाला पोरगी बघू नकोस," दाजी आईला म्हणायचे, "खाटकाचं दुकान बघ."

दाजी असे बोलके. गाळात चालतानाही तोंड बंद नसायचं.

त्या सकाळी कमरेला दोर घेताना ते म्हणाले, "मेहुणे, आज तुम्ही जा की. मला बाप व्हायचंय."

"बाप व्हायचं काम झालंय तुमचं, दाजी. आता नुसतं पोसायचं राहिलंय."

दाजी हसत हसत धुक्यात शिरले. थोडा वेळ त्यांची बडबड ऐकू येत होती. गाळाला शिव्या, मुंडक्याच्या वासाला शिव्या.

मग...

ती थांबली.

दोर सरकत होता. तोही थांबला. मामाने वाट बघितली. एरवी दहा मिनिटांत परत येणारा माणूस अर्धा तास झाला तरी येईना. मामा हाक मारायला उठला, तेवढ्यात दाजी आले.

पण समोरून नाही... वरच्या अंगाने, काठाकाठाने.

पाय ओले होते. गाळाचा एक ठिपका नव्हता.

मामाला वाटलं, कुठेतरी धुऊन आले असतील. "इतका वेळ? मला वाटलं, तिकडेच बाळंत झालात."

दाजी हसले नाहीत.

"झालं," एवढंच म्हणाले आणि मामाच्या मागे खांबाला टेकून बसले.

मामाने थर्मासमधला चहा ओतून कप त्यांच्यापुढे ठेवला. स्वतः दोरावर हात ठेवून पुढे तोंड करून बसला.

पाच-सात मिनिटं गेली असतील.

दोराला हिसका बसला.

एक... दोन... तीन.

मामाला हसू आलं. "दाजी, बघा. मासा आपली खूण शिकला."



परत तीन हिसके. मग परत तीन. मग नुसतेच, कसेही, जोरजोरात. भरती नुकती लागली होती. मामाला वाटलं, एवढ्या लवकर लागलेला मासा लहान असणार, उथळात तडफडतोय. त्याला दमू दे, पाणी वाढलं की मोठा येईल.

आणि दाजी तर मागे बसले होते. मग शंका यायचं कारणच काय?

हळूहळू हिसके कमी झाले. मग थांबले.

त्यानंतर काहीच आवाज नव्हता. नदीवर एक पक्षी नाही, पाण्याची चुळबुळ नाही. मागे बसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा नाही... हे मामाला तेव्हा जाणवलं होतं. त्याने मागे वळून बघितलं नाही. का नाही, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

सव्वानऊला दोर ताणला. असा की खांब करकरला.

हा मोठा होता. मामाने सोटा उचलला आणि उताराने खाली धावला. मांडीभर पाण्यात उभा राहिला. मागे काठ दिसत नव्हता, पुढे चार हातांपलीकडे पाणी दिसत नव्हतं. फक्त त्याच्या कमरेजवळून दोर सरकत होता. काठाकडे. एका लयीत, न अडखळता. दाजी ओढताना धापा टाकायचे, मधे थांबायचे, माशाच्या आईबापाचा उद्धार करायचे.

आज दोर नुसता येत होता...

पाणी आधी तांबूस झालं. मग लाल. आणि त्यात एक काळी पाठ उलटीपालटी होत आली.

"हाण," मागून दाजी म्हणाले.

मामाने हाणलं. खाली हाड फुटल्याचं सोट्यातून हाताला कळलं.

"हाण."

दुसरा घाव. पाणी उसळून तोंडावर आलं, खारट आणि कोमट.

"हाण."

तिसरा. मग चौथा. चौथ्यानंतर काही हललं नाही.

मामाने वाकून हात घातला. शार्कची पाठ कानशीसारखी खरखरीत असते. ही गुळगुळीत होती.

रबराचा काळा कोट होता तो. दाजींचा.

कमरेचा वेढा तसाच होता, गाठ आवळलेली. उजवा पाय मांडीपासून नव्हता. तोंडाचं काय झालं होतं ते मामाने मला सांगितलं आहे. मी ते लिहिणार नाही.

"दाजी," मामा काठाकडे तोंड करून ओरडला. हातात दाजी असताना दाजींनाच हाक मारली त्याने.

तो वर आला तेव्हा काठावर कोणी नव्हतं. खांबाशी ओढलेला दोर ओला, नीट गुंडाळून ठेवलेला. टाचा रोवल्याचे दोन खड्डे, टीचभर खोल, पाण्याने भरलेले. तिथून जाणारं पाऊल नाही. आणि कपात चहा काठोकाठ, वर साय धरलेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोलीस आले, मामाला घेऊन गेले. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते एकमेकांकडे बघत राहिले. त्याला सोडवलं ते डॉक्टरच्या कागदाने. डॉक्टरने लिहिलं की माणूस गाळात अडकून बुडाला, पाय माशाने नंतर नेला, आणि सोट्याचे घाव मरणानंतर निदान तासाभराने बसले.

मामा सुटून आला तेव्हा आई दारात उभी होती. सगळ्या आळीला वाटलं, ही आता याचं तोंड बघणार नाही.

ती म्हणाली, "डॉक्टरने मला वाचून दाखवलंय. मेलेल्याला मारलंस तू, जिवंताला नाही. आत ये, जेव."

त्या एका कागदावर ती पुढची चाळीस वर्षं जगली. मामाने मासेमारी सोडली, लाकडाच्या वखारीत लागला. मला वाढवलं, शाळेत घातलं. सायकल त्याने शिकवली, दाढी करायला त्याने शिकवलं. रोज रात्री आई त्याला गरम वाढायची आणि तो खाली मान घालून जेवायचा. मी त्याला लाजाळू समजायचो.

आई गेली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, भर दुपारी, मी मामाच्या पाठीला तेल चोळत होतो. त्याची पाठ फार दुखायची. तो स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून. खोलीत आम्ही दोघंच. दार लोटलेलं.

तो एकदम म्हणाला, "डॉक्टर चुकला रे."

"कसला डॉक्टर?"

"तिसऱ्या घावानंतर दाजींनी हात वर केला. असा." त्याने स्वतःचा हात उचलून कपाळापुढे धरला. मारणाऱ्याला थांबवताना धरतात तसा. "पाची बोटं दिसली मला. ताई होती तोवर बोललो नाही. तिचं जेवण गेलं असतं."

माझे हात थांबले.

"मग चौथा का मारलास?"

त्याने हात खाली घेतला.

"मागून परत म्हणाले, हाण. आवाज ओळखीचा होता, बाळा. पाण्यातलं तोंड ओळखू येत नव्हतं."

मला त्याच्या पाठीला हात लावणं जमेना. राग होता की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी उठलो, वळसा घालून पुढे आलो आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. तेलाचे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. त्याचं तोंड मला नीट बघायचं होतं.

मामाचे डोळे मिटलेले होते. त्याने मान सैल सोडली, खांदे थोडे मागे रेलले...

"हां, तिथेच," तो म्हणाला. "थांबू नकोस. चोळत राहा."