पाच मिनिटांत दोन ओसवाल

परिषदेला जायचं, सही करून पिशवी घ्यायची, आपल्याच गावच्या माणसांत बसून गप्पा हाणायच्या आणि जेवून परत यायचं — ही आमच्या कृषी दुकानदारांची जुनी रीत. मला ती मान्य नाही. म्हणून मंचरच्या हॉलवर मी सकाळी नऊलाच हजर होते. पहिल्या रांगेत बसायचं, ओळखीच्यांकडे फिरकायचं नाही आणि आणे पठारावरच्या शेतकरी कंपनीच्या कुशाबांना गाठल्याशिवाय घरी जायचं नाही, असं ठरवूनच निघाले होते.

कुशाबांवर सगळं अडलं होतं. जुन्नरच्या बाजारात पप्पांचं, म्हणजे नेमीचंद शेठचं, खताचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर माझी माती तपासायची लॅब. दोन वर्षांत एकही मोठं काम आलं नव्हतं. पप्पांनी हसत हसत मुदत दिली होती — अक्षय्य तृतीयेपर्यंत काम मिळालं नाही तर लॅबला कुलूप आणि शिरूरच्या स्थळाला होकार. पप्पा हसत बोलले की ते बदलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नावनोंदणीच्या टेबलावर पप्पू नावाच्या कार्यकर्त्याने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. त्यावर छापलं होतं, ‘श्री. व सौ. ओसवाल’.

“यातली सौ. कोण?” मी विचारलं.

“तुमी. सायेब मघाशीच आले. ते काय, पुढं बसल्यात.”

मी वळून पाहिलं. पहिल्या रांगेत निळ्या शर्टातला एक तरुण तसलंच कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याने मान वर केली, आमची नजर भेटली... आणि त्याचे कान लाल झाले. दिसायला बरा होता. खोटं कशाला बोलू, बराच बरा होता.

“पारस ओसवाल,” तो उठून म्हणाला. “मंचरचा. सौभाग्यवती म्हणजे... आपण का?”

“सिद्धी ओसवाल, जुन्नर. आणि सौभाग्यवती अजून नाही.”

“अजून नाही,” त्याने उगाचच म्हणून पाहिलं.

आडनाव एक, धंदा एक, म्हणून आयोजकांनी आमचं दुकानही एकच करून टाकलं होतं. दर दुकानामागे बोलायला पाच मिनिटं, दुपारच्या सत्रात. म्हणजे दोघांत मिळून पाच. मी थेट अध्यक्ष बाळासाहेबांना गाठलं.

“यादी छापून झाली, ताई,” ते म्हणाले. “आता नवरा-बायकोत कोण बोलायचं, ते तुमचं तुमी बघा.”

“आम्ही नवरा-बायको नाही.”

“बरं. मग भांडू नका.”

जेवणात तीच गत. भाजीत कांदा, आमटीत कांदा, कोशिंबिरीत कांदा — आणि जैन ताट एकच. पारसने ते माझ्यापुढे सरकवलं.

“तुम्ही घ्या. बोलायचंही तुम्हीच बोला.”

“दान नको. कोणाचं म्हणणं जास्त कामाचं, त्याने बोलायचं. एक-एक मिनिट. तुम्ही आधी.”

त्याने सांगितलं. त्याच्याकडे एक जुनी व्हॅन होती. वावरात जाऊन रीतसर मातीचे नमुने घेत लोणीपर्यंतची गावं त्याने पालथी घातली होती. तपासायला मात्र सगळं पुण्याला पाठवायचं, आणि रिपोर्ट येईपर्यंत पेरणी उरकलेली. बोलताना तो चपातीचे तुकडे करत होता आणि नकळत माझ्या बाजूला ठेवत होता.

मग मी बोलले. तीन दिवसांत रिपोर्ट, तोही मराठीत, कुठलं खत टाकायचं नाही हे आधी सांगणारा.

“खतवाल्याची मुलगी खत टाकू नका म्हणणार?”

“म्हणूनच पप्पा हसतात.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग अगदी सहज आवाजात म्हणाला, “तुमचं गोत्र कोणतं?”

“कटारिया. का?”

“काही नाही... सहज. आमचं मुनोत.”

“गोत्र कोणी सहज विचारत नाही, पारसजी.”

तो घाईघाईने पाणी प्यायला. “तुम्हीच बोला,” तो म्हणाला, “पण दान म्हणून नाही. तुमचं खरंच चांगलं आहे.”

मी बोलले, आणि झकास बोलले. खाली उतरणार तेवढ्यात मधल्या रांगेतून पांढरी टोपी उठली. कुशाबा.

“पोरी, लई ग्वाड बोललीस. पर आमच्या पठारावरनं जुन्नरला माती घिऊन यायचं म्हंजी एक दिस मोडतो. कोण यील?”

हॉल हसला. उत्तर पहिल्या रांगेत बसलं होतं. त्याचं नाव घेतलं तर निम्मं काम त्याच्या पदरात जाणार, आणि न घेतलं तर सगळंच हातचं जाणार. खरं सांगते, मी हा हिशेब नंतर केला. त्या क्षणी एवढंच वाटलं की या माणसाचंही ऐकलं गेलं पाहिजे.

“याचं उत्तर माझं नाही, त्यांचं आहे,” मी म्हणाले आणि माईक पारसपुढे धरला.

तो चाचरत उभा राहिला, पण व्हॅनचा विषय निघाला तसा सुटला. कुशाबांनी ऐकून घेतलं. “मंग दोघं मिळून या. पन्नास नमुने घ्या. रिपोर्ट पटला तर कंपनीचं काम तुमचं.”

पुढचे पंधरा दिवस आम्ही पठारावर होतो. रब्बी निघालेली मोकळी वावरं आणि डोळ्यांत धूळ घालणारा वारा. तो खड्डा खणायचा, मी पिशवीवर नाव लिहायची. ‘पारसजी’चा पारस झाला, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कधी ते दोघांनाही कळलं नाही. पप्पांची मुदत, शिरूरचं स्थळ, सगळं मी त्याला सांगून टाकलं. मला वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला तो जागा करून द्यायचा, आणि मी ते दिसलं नाही असं दाखवायची.

रिपोर्ट वाटले त्या दिवशी कुशाबांनी चष्मा लावून पहिला रिपोर्ट सगळा वाचला. “दोन पोती खत वाया घालत व्हतो म्हणा की,” ते म्हणाले आणि वर्षभराच्या करारावर त्यांनी सही केली. लॅब वाचली होती. मी पप्पांना फोन लावला. ते या वेळी हसले नाहीत, नुसतं “शाब्बास” म्हणाले. मला रडूच आलं.

पारस व्हॅनला टेकून उभा होता. “आता शिरूरचं स्थळ...?”

“गेलं.”

“मग मी विचारायचं नाही का? म्हणजे... तुला लग्नच नको असेल तर—”

“मला लॅब सोडायची नव्हती. लग्नाचं मी कुठे काय म्हणाले?” मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “मला तू आवडतोस, पारस. खूप. पण लॅब जुन्नरलाच राहणार, आणि मीही.”

त्याने माझ्या हातातली नव्या नमुन्याची पिशवी घेतली आणि व्हॅनमध्ये ठेवली.

“व्हॅनला काय, कुठूनही निघता येतं,” तो म्हणाला. “मी जुन्नरला येतो.”

“रोज? मंचरहून?”

“रोज नाही गं...” त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण आवाज ठाम होता. “कायमचा.”