हरकत नसल्यास…

पहिली भेट झाली ती भांडणातून, आणि भांडण झालं ते टेम्पोवरून.

‘मैना’ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम होता. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनच्या नाहीतर संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा. तो कुणा एका कंपनीचा नव्हता. कुणी ब्राझीलमध्ये, कुणी केनियात, कुणी आणखी कुठे बसून, आपापल्या फावल्या वेळात तो घडवत होतं. कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही यावं, दुरुस्ती सुचवावी, बाकीच्यांनी ती तपासावी. शरयू त्यात शिरली ती नानांसाठी. तिच्या वडिलांना काचबिंदूमुळे जवळजवळ काहीच दिसत नसे, आणि मैना त्यांना मराठी पेपर वाचून दाखवताना भलत्याच ठिकाणी श्वास घ्यायची.

तर शरयूने एक छोटीशी दुरुस्ती पाठवली, आणि ती चालते की नाही हे कळावं म्हणून नमुन्याचं एक वाक्य जोडलं — ‘किला गेटवरून मुरारचा टेम्पो पकडला आणि दहा मिनिटांत घरी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेरमधल्या थाटीपुरच्या क्वार्टरमागच्या व्हरांड्यात चहा घेऊन तिने लॅपटॉप उघडला, तर खाली कुणा मधुसूदनचा शेरा — ‘कोड उत्तम. वाक्य खोटं. किला गेटवरून मुरारला दहा मिनिटांत कुणी पोचलेलं नाही.’

शरयूचं डोकं सटकलं. मुलींच्या कॉलेजात रोज कॉम्प्युटर शिकवणारी बाई ती, वर्गात कुणी उलट बोललं तर चालत नसे. तिने लिहिलं, ‘तुम्हाला काय माहीत?’

‘मुरारमध्येच वाढलोय. आता व्हँकूव्हरला असतो, पण त्या खच्चून माणसं भरलेल्या टेम्पोचे धक्के अजून कंबरेत आहेत.’

‘तुमच्या वेळी रस्ते खराब असतील. बरीच वर्षं झाली असतील ना तुमच्या वेळेला?’

‘वय विचारायची ही पद्धत आवडली.’

शरयूने हसू कपाआड लपवलं. बघायला होतं कोण? तरी लपवलं.

तिची सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवसाची संध्याकाळ. ती उठून केस वर बांधायची तेव्हा तो ऑफिसातून घरी येऊन बूट काढत असायचा. ‘तू अजून कालमध्येच आहेस,’ ती पुढे पुढे त्याला चिडवायची, ‘मी आज बघून आले. काही खास नाही, नको येऊस.’ पण हे ‘तू’ फार नंतरचं. ते ‘तू’ कसं झालं, तीही गंमतच होती.

मैनेत काम करणारी माणसं एका वेळी कधीच जागी नसत. म्हणून दोन रीती पडल्या होत्या. एक — उठून जाण्याआधी मागे चिठ्ठी ठेवायची : काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं. म्हणजे दुसऱ्या टोकाचा माणूस उठून तिथूनच सुरू करील. आणि दुसरी — काही बदल करायचा असला तर तो मांडायचा, शेवटी लिहायचं ‘हरकत नसल्यास पुढे जातो’, आणि तीन दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, की सगळ्यांचा होकार. शरयूला ही दुसरी रीत भारी आवडायची. तिच्या घरी साधा पडदा बदलायचा तरी सगळ्यांना विचारा, मग काकूला फोन करा! इथे कसं, गप्प बसलं की झालं.

मराठीचं काम दोघंच बघत, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्यांची ऑनलाइन खोलीही वेगळी होती. आधी चिठ्ठीत कोड असायचा. मग कोडच्या खाली एखादी ओळ. ‘इथे पाऊस आहे.’ ‘इथे लू सुटलीय, नळाचं पाणीसुद्धा चटके देतंय.’ एका सकाळी चिठ्ठीऐवजी आवाज आला. त्याने खिडकी उघडून फोन बाहेर धरला होता… नुसता पाऊस, पानांवरून ओघळणारा, मधेच एखादी गाडी पाणी उडवत गेलेली. आणि शेवटी त्याचा आवाज, जरा संकोचलेला — “तुमच्याकडे नाहीये ना, म्हणून पाठवला.”

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात शरयू तो पाऊस कानाला लावून बसली. कॉलेजला उशीर झाला.

मग एके दिवशी खोलीत रीतसर प्रस्ताव पडला. ‘विषय : अहो-जाहो. उद्देश : टंकलेखनाचे श्रम वाचवणे. यापुढे एकमेकांना “तू” म्हणावे असे सुचवतो. हरकत नसल्यास पुढे जातो.’

शरयूने उत्तर दिलं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बाकी सगळं लिहायची, फक्त त्या प्रस्तावाबद्दल चकार शब्द नाही. चौथ्या सकाळी चिठ्ठी होती — ‘शरयू, उठलीस?’

एवढंच. पण तिने ते इतक्या वेळा वाचलं की नाना आतून म्हणाले, “अगं, दूध उतू गेल्याचा वास येतोय!”

असे दिवस किती छान गेले असते… पण मैनेचं नशीब उघडलं. एका मोठ्या परदेशी संस्थेने मैनेला आपल्यात विलीन करून घ्यायचं ठरवलं. आता विलीनीकरण म्हटलं की फेररचना आली, गट आले, समित्या आल्या. मधुसूदन नियमांच्या समितीत गेला, आणि तिथे त्याने हट्टाने एक जुनी रीत मोडून काढली. त्याला कारणही होतं. इंदूरच्या शालिनीताई, स्वतः अंध, शाळेत शिकवायच्या आणि मैनेची प्रत्येक आवृत्ती आधी तपासून द्यायच्या. त्या इस्पितळात असताना एक बदल ‘हरकत नसल्यास’ म्हणून पुढे गेला, आणि त्यांच्या शाळेतल्या मुलींच्या जुन्या फोनवर मैना मुकी झाली. मधुसूदनला ते फार लागलं. म्हणून नवा नियम : गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. ज्याला विचारलंय त्याने स्पष्ट ‘हो’ म्हटलं तरच होकार. नाहीतर तीन दिवसांनी प्रस्ताव बंद.

नियमांचा तो लांबलचक मसुदा त्याने शरयूलाही पाठवला होता. कोडमधला एकेक कंस तपासणारी ही पोरगी, पण नियम म्हटले की तिला जांभई यायची. तिने पहिलं पान वाचलं, खाली अंगठा उमटवला आणि नानांना डोळ्यांत थेंब घालायला उठली.

पुढचं सांगताना खरं तर राग येतो. दोघांचाही.

ऑक्टोबरात मधुसूदनने त्यांच्या खोलीत लिहिलं — ‘प्रस्ताव. संस्थेने मला दोन जागा विचारल्या आहेत. इथेच राहून अमेरिकेकडचं काम, किंवा बंगलोरला येऊन आशियाचं. बंगलोरहून ग्वाल्हेर लांब आहे, पण घड्याळ तरी एकच होईल. शरयू, मी परत यावं का? कामासाठी विचारत नाहीये. तुझ्यासाठी यावं का, असं विचारतोय.’

शरयूने वाचलं. गाल तापले. लॅपटॉप पटकन मिटला — जणू तो पलीकडून बघतच होता. मग उघडून पुन्हा वाचलं… आणि ओठ घट्ट मिटून, अगदी मनापासून, गप्प बसली.

संध्याकाळी मुरारच्या बाजारात ती मोठ्या बहिणीबरोबर, उषाताईबरोबर, साडी बघत होती. उगीच. कसलंच निमित्त नसताना.

“मग? काय लिहिलंस त्याला?” उषाताईने विचारलं.

“काहीच नाही.”

“पागल आहेस का? माणूस एवढं विचारतोय आणि तू — अरे, लिख दे ना एक शब्द!”

“ताई, तुला नाही कळायचं.” शरयूने आमसुली साडी खांद्यावर टाकून आरशात बघितलं. “आमच्यात असंच असतं. मी काही बोलले नाही ना, म्हणजे त्याला समजतं. बस.”

“देव जाणे बाई तुमचं. आम्हाला तर तोंडाने बोलावं लागलं होतं.”

तीन दिवस शरयूने रोजची चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मौन कसं शुद्ध हवं! चौथ्या सकाळी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून व्हरांड्यात बसली. खोलीत दोनच ओळी होत्या — ‘प्रस्ताव बंद. तुला पेचात टाकलं, माफ कर.’

ती बघतच राहिली. बंद? म्हणजे… त्याने मागे घेतला? तीन दिवसांत मन बदललं? विचारावं, भांडावं, फोन करावा — एवढं सगळं मनात आलं. पण मानी पोरगी. तिने लिहिलं, ‘ठीक आहे. हरकत नाही.’ आणि खाली एक हसरा चेहरा चिकटवून दिला. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली.

पलीकडे मधुसूदनने तो हसरा चेहरा बघितला आणि बंगलोरची जागा दुसऱ्याला जाऊ दिली. फेररचनेत गट बदलले, मराठीची खोली बंद झाली. चिठ्ठ्या थांबल्या. मैनेत कुठेतरी एकमेकांची नावं दिसायची, तेवढंच.

सव्वा वर्षाने, जानेवारीत, दुपार झाली तरी धुकं हटलेलं नसताना, थाटीपुरच्या दाराशी एक उंच माणूस उभा राहिला. हातात तीळगुळाच्या गजकचा डबा, वर लग्नाची पत्रिका. “नाना आहेत?” तो म्हणाला, आणि शरयूने तो आवाज लगेच ओळखला.

तो नानांच्या पाया पडला. “मी मधुसूदन, मैनेवाला. घरी आलो होतो मुरारला. म्हटलं, तुम्हाला स्वतः येऊन बोलवावं.”

“अरे वा! ये, बस बाळ. तुझी मैना आता एकदम फर्स्ट क्लास बोलते रे,” नाना खुश झाले. “मुलगी कुठली?”

“तिकडचीच. शामला. संस्थेतच असते.”

शरयूने चहा दिला. कप देताना बोटं लागली नाहीत, दोघांनीही तेवढी काळजी घेतली. पडद्यावर कधीच न दिसलेल्या गोष्टी तिला आता दिसत होत्या — कानशिलावरचा एक पांढरा केस, बोलताना डावी भुवई जरा वर जाणारी. किती उशिरा दिसत होत्या.

फाटकापर्यंत ती सोडायला गेली. तो निघेना.

“एक विचारू?” तो म्हणाला. “राग येऊ देऊ नकोस. तेव्हा… तू एक ओळ तरी लिहायची होतीस, शरयू. ‘नाही’ म्हणाली असतीस तरी चाललं असतं.”

“मी ‘नाही’ कधी म्हटलं?”

“काहीच म्हटलं नाहीस.”

“अरे मग!” शरयूचा आवाज चढला. “काहीच म्हटलं नाही, मतलब हरकत नव्हती ना! मला ‘तू’ म्हणायचं विचारलंस तेव्हाही मी गप्पच होते. तेव्हा बरं समजलं तुला!”

मधुसूदनचा हात फाटकावर होता, तो तिथेच राहिला. “पण नियम बदलला होता…” तो हळूच म्हणाला. “मी स्वतः लिहिला होता. गप्प माणसाचा होकार धरायचा नाही म्हणून. तू अंगठा दिला होतास त्याला.”

“मी वाचलाच नव्हता.”

रस्त्यावरून एक भाजीवाला मटार, मटार ओरडत गेला.

“माझ्याशीसुद्धा नियमाने वागलास?” शेवटी तिने विचारलं. “फोन नाही करता आला?”

“वाटलं, फोन केला तर तू भिडेखातर हो म्हणशील.” त्याचे डोळे भरले होते. “आणि तू? तू नियमाने नाही वागलीस?”

तो खरं बोलत होता.

“नीट सांग एकदा,” तो म्हणाला. “तेव्हा काय होतं उत्तर?”

“हो होतं,” शरयू म्हणाली. “वाचल्या क्षणी हो होतं, मधू. मी साडी घेऊन आले होते.”

तो एक पाऊल पुढे आला. “अजून लग्नाला वेळ आहे. मी शामलाला —”

“तू शामलाला विचारलंस तेव्हा ती काय म्हणाली?”

“लगेच हो म्हणाली.”

“तोंडाने?”

“तोंडाने.”

“मग जा.” शरयूने फाटक उघडलं. “तिने सांगितलंय, मी नाही सांगितलं. ऐसे नहीं लौटाते किसी की हाँ.”

तो गेला. वळणावर मागे बघून थांबला, तिने हात हलवून पुढे जा अशी खूण केली. धुक्यात तो दिसेनासा झाल्यावरच तिने डोळे पुसले. आत आली. नाना अजून खुर्चीत, गजकचा तुकडा हातात धरून बसले होते.

“चांगला मुलगा आहे गं,” ते म्हणाले.

“हो नाना. मला फार आवडायचा तो.”

नानांचा हात थांबला. ते म्हणाले, “अगं, मग सांगायचंस की त्याला.”

शरयूने रिकामे कप उचलले.

“सांगितलं, नाना. आत्ताच.”