भिडस्त माणसाची बडबड

"या ना, बसा. घाबरू नका, दुखत नाही," म्हणत मी त्याच्या हातात पेन दिलं.

दारात घुटमळत होता तो. उंच, वाऱ्यानं केस विस्कटलेले, काखेत जुनी चामडी पिशवी. मी भिडस्तपणा मोजणारी चाचणी तयार करत होते, आणि ती सोडवायला येणाऱ्यांपैकीच हा एक असेल असं मी धरून चालले. त्यानं मान खाली घालून सगळे प्रश्न सोडवले, कागद परत केला आणि मग हळूच म्हणाला,

"खरं म्हणजे... मी तळघरातले उंदीर तपासायला आलोय. जनावरांचा डॉक्टर आहे मी."

आमच्या मानसशास्त्र विभागात प्रयोगांसाठी उंदीर पाळलेले होते, हे मी विसरूनच गेले होते!

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही पेन दिलंत ना..."

मी खो खो हसले. गुण मोजले, तर भिडस्तपणात साहेब सगळ्यांच्या वर.

पण पुढच्या वेळी उंदीर तपासून तो वर आला, आणि चहा घेता घेता त्यानं एका रुसलेल्या घोड्याची गोष्ट अशी रंगवली, की माझा चहा गार झाला. त्यानंतर मांजरी, कासवं, एक चोरटा पोपट... हा माणूस थांबेचना! मी पुन्हा चाचणी घेतली. गुण जवळजवळ तेच. आणि बडबडही तीच.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सरळ माझ्या मार्गदर्शक मॅडमना गाठलं.

"दोन्ही वेळा सारखेच गुण आले, म्हणजे चाचणी विश्वसनीय दिसतेय," त्या म्हणाल्या. "पण पुढे धावणारं घड्याळही रोज तितकंच पुढे असतं. म्हणून काय ते बरोबर वेळ दाखवतं? तुझी चाचणी भिडस्तपणाच मोजते कशावरून? वैधता तपास. त्याला रोज बघणाऱ्यांना विचार. आणि उत्तर उलटं आलं, तर सगळं नव्यानं करायची तयारी ठेव."

सगळं नव्यानं? दोन वर्षांचं काम होतं ते.

"तुमच्या घरच्यांना विचारलं तर चालेल?" मी त्याला म्हटलं.

"विचारा की," तो म्हणाला खरा... पण त्याच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या.

त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी त्याच्या वहिनी बसत. आत एक बाई आपल्या सशाबद्दल विचारत होत्या, आणि हा नुसता "हं... हं..." करत होता.

"आमचे भावोजी आणि बडबडे?" वहिनींनी डोळेच विस्फारले. "अहो, भाजी अळणी झाली तरी मीठ मागायचे नाहीत! तशीच गिळतील."

म्हणजे माझी चाचणी बरोबर होती! आनंदानं उडी मारायला हवी होती मी. पण मनात भलतंच काहीतरी खुपत राहिलं. मग माझ्यासमोर बसून बोलणारा तो कोण?

बाई ससा घेऊन गेल्या, तशी मी आत शिरले. दार लोटून घेतलं.

"माझ्याशी नाटक करत होतात?"

तो दचकला. "नाही! मी... पाठ करून यायचो."

"काय पाठ करून?"

"बोलणं. वर येण्याआधी... तळघरात, उंदरांना म्हणून दाखवायचो."

"घोड्याची गोष्टसुद्धा?"

"घोडा खराच आहे. सगळं खरंच आहे. फक्त... ते तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो."

"आणि आता बोलताय ते?"

"याची तयारी नाही झालेली," तो म्हणाला, आणि गप्पच झाला.

एरवी अशी शांतता मला सोसत नाही. काहीतरी बोलून मी ती भरून काढते. पण आज मला त्याचंच ऐकायचं होतं. त्यानं हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. माझ्याकडे बघितलं — खिडकीकडे — पुन्हा माझ्याकडे.

"मला... म्हणजे तुम्ही... मला आवडता. फार."

माझे गाल तापले. "मग निदान 'अगं' तरी म्हणा मला."

"बरं..." त्यानं मोठा श्वास घेतला. "अगं..."

"भावोजी, पुढचं कुत्रं आत सोडू का?" दाराबाहेरून वहिनी.

"थांबा हो जरा, वहिनी!" तो खणखणीत आवाजात ओरडला. "मी बोलतोय!"

बाहेर काहीतरी धाडकन खाली पडलं. कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.