चार वाजता तुटणारा आकडा

पंपघराच्या पत्र्यावर कुणीतरी चढलं होतं. साजियानं स्कूटी लावली, वर पाहिलं. माणूस ओळखीचा नव्हता... पाठीला पिशवी, एक हात थेट अँटेनावर. तिनं आवाज न करता भिंतीला लावलेली शिडी काढून घेतली आणि मग विचारलं, "कोण तुमी?"

"वाजिद. लोणी देवकरहून आलोय, कंपनीकडून. तुमचा मोडेम बघायला."

तिनं कंपनीत फोन लावून नाव ताडून पाहिलं, ओळखपत्र खाली टाकायला लावलं, मगच शिडी दिली. तोवर भुरभुर पावसात तो पार भिजला होता, तरी हसत होता. ते हसणंच तिला खटकलं.

सांगवीजवळच्या त्या पाणी योजनेवर साजिया तीन वर्षं ऑपरेटर होती. टाकी सहा किलोमीटर लांब, माळावर. तिथला रेडिओ मोडेम पाण्याची पातळी हवेतून पंपघरात कळवायचा. पडद्यावरचा आकडा बघून साजिया पंप चालू-बंद करायची. महिनाभरापासून दुपारी चारच्या सुमारास आकडा मध्येच तुटत होता. एकदा टाकी भरून वाहिली, खालच्या कांद्यात पाणी शिरलं. योजनेचे अध्यक्ष बापूसाहेब चारचौघांत म्हणाले, पोरगी पंपावर बसतच नसंल. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू. त्यांचा भाचा सुयोग त्या जागेवर टपलेलाच होता.

वाजिदनं लॅपटॉप जोडला. हवेतून माहिती पाठवायचा वेग कमी केला. लांब जायचं तर सावकाश गेलेलं नीट पोचतं, असं समजावलं. भोवतीचा ऊस वाढला होता म्हणून अँटेना उंच केली. सांगताना तो पडद्याकडं कमी, तिच्याकडंच जास्त बघत होता.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी चारला आकडा पुन्हा गेला, आणि अर्ध्या तासात वाजिद दारात — न बोलावता. कसं कळलं, तिनं विचारलं. तो गडबडला. अंदाज होता, म्हणाला.

पुढंही तेच. बिघाड झाला की हा जवळपासच असायचा. साजिया प्रत्येक खेपेनंतर मोडेमची सगळी सेटिंगं वहीत उतरवून ठेवू लागली. चौथ्या खेपेच्या दिवशी आकडा साडेतीनलाच गेला. तिनं पुन्हा कंपनीत फोन केला. तिकडून उत्तर आलं, वाजिद रजेवर आहे. त्याच्या तुमच्याकडं दोनच खेपा झाल्यात.

तिनं फोन ठेवला. सुयोगनंच तर याला पाठवलं नसेल?

तो आला तेव्हा ती दारातच उभी राहिली. "खरं सांगा. बिघाड तुमीच करताय ना?"

वाजिदनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग त्यानं सांगितलं, की तीन दिवस तो एक जादा मोडेम घेऊन, कुणाचा सिग्नल आड येतोय ते शोधत गावोगाव हिंडत होता; आकडा चारलाच तुटतो म्हणून त्या वेळेला इथं जवळपासच असायचा. पणदऱ्याच्या अलीकडं एका मळ्यात नवी मोटार बसवली होती आणि तिचा मोडेमही याच चॅनलवर होता. चारला तिकडं वीज यायची, आणि दोन्ही मोडेम एकदमच बोलू लागायचे, की इथला आकडा तुटायचा.

"आता टाकीवरचा चॅनल बदलून आलोय, म्हणून आकडा लवकर गेला. हितला राहिलाय," त्यानं लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. "तुमीच बदला."

तिनं बदलला. आकडा उमटला. चार वाजले... सव्वाचार... साडेचार. आकडा तुटला नाही. साजियानं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. कानामागं चिखल उडाला होता.

"रजा टाकून का हिंडलात?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून."

"एवढंच?"

"न्हाय..." तो वायरशी चाळा करत म्हणाला. "तुमी आवडता मला."

बाहेर पंपाची घरघर चालू होती. साजियाचे कान तापले, पण आवाज तसाच कोरडा राहिला.

"माझा कुणावर चटकन विश्वास बसत न्हाय. मी चौकशी करणार. लोणीत, शेजारी, कंपनीत."

"करा की."

"मग चौकशीला अब्बांना एकट्यालाच धाडू... का अम्मीलाबी?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातली वायर सुटली.

"दोघांनाबी," तो म्हणाला.

तिनं वही उघडून त्याच्या घरचा पत्ता लिहून घेतला — आणि खरा आहे ना म्हणून त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला.