हिरव्या बांगड्यांचा ब्लॉक

मैदानाच्या फाटकात एक उंच मुलगी कडुनिंबाची माफी मागत होती.

निदान कडूबाला तसं वाटलं. मान जराशी झुकलेली, एक हात छातीशी, खांद्यावर बॅग आणि ओठांत पुटपुट — "ताबी-ताबी पो..." फाटक अरुंद होतं. तिच्या मागं तो झेंडा घेऊन ताटकळला.

"कुणाशी बोलताय?" त्यानं शेवटी विचारलं.

"इथं राहतात त्यांच्याशी. आमच्याकडं झाडाखालून जाताना सांगतात — जरा बाजूला व्हा, मला जायचंय."

"इथं कुणी राहत नाही."

ती वळली. त्याला पायांपासून टोपीपर्यंत पाहून घेतलं, आणि गालात हसली. "मग तुम्ही कुठून उगवलात?"

कडूबा औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसातून आला होता. तिथं तो दिवसभर लोकांना उद्या यायला सांगायचा. संध्याकाळी मात्र तो लाइनमन. व्हॉलीबॉलच्या कोर्टाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. चेंडू आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर. आणि बाहेर जाण्याआधी चेंडू समोरच्या कुणाच्या बोटाला लागला असेल, तर उभ्या झेंड्याच्या टोकावर डावा तळहात ठेवायचा. म्हणजे टच — गुण मारणारीचा. ऑफिसात कुठलीच गोष्ट आत की बाहेर हे ठरवायची वेळ येत नसे, म्हणून त्याला हे काम फार आवडायचं.

मुलीचं नाव मारिव्हिक. फिलिपिन्सची. तिकडं मुलींचा व्हॉलीबॉल पाहायला स्टेडियम भरतात. मनिलात कॉलेजकडून खेळायची तेव्हा तिचा चेहरा शाम्पूच्या जाहिरातीवर होता. मग राष्ट्रीय शिबिर. मग एका उडीतून उतरताना गुडघा फाटला, आणि जाहिरातही उतरली. पुढं व्हिएतनामात एक हंगाम, इंडोनेशियात अर्धा... आणि दिवाळीपासून इथं, काकासाहेबांच्या संघात. काकासाहेब प्लॉटिंगवाले. त्यांनी महिलांची स्पर्धा भरवली होती आणि बोर्डावर 'परदेशी खेळाडू' लिहिता यावं म्हणून एक आणली होती. करार सोपा होता: चषक जिंकला तर पुढचा हंगाम, नाहीतर विमान. बत्तीस वर्षांच्या, टाके घातलेल्या गुडघ्याला जगात दुसरं कुणी बोलावणार नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मराठी तिनं संघातल्या पोरींकडून उचलली होती; अडलं की इंग्रजी.

"नाव काय तुमचं?"

"कडूबा. म्हणजे कडू. माझ्या आधीची दोन भावंडं वाचली नाहीत. मग आईनं असं नाव ठेवलं, की मरणानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं."

ती क्षणभर गंभीर झाली. मग म्हणाली, "आणि खरंच आहात कडू?"

"कुणी चाखून नाय बघितलं," तो बोलून गेला. काय बोललो हे आधी कानांना कळलं. ते लाल झाले.

पहिल्याच सामन्यात ते घडलं.

दिवे नुकतेच लागले होते. मारिव्हिकनं उडी घेतली — केस मागं, हात धनुष्यासारखा — आणि चेंडू असा हाणला की रेषेच्या हातभर बाहेर गेला. जाळ्यापलीकडं ब्लॉकला, म्हणजे चेंडू अडवायला, दोन पोरी उडाल्या होत्या. दोन पोरींचे हात चार. कडूबाला सहा दिसले.

मधले दोन कोपरापर्यंतच होते. हिरव्या काचेच्या बांगड्या, अंगठे आत वळलेले. चेंडू त्या बोटांना चाटून गेला, बांगड्या किणकिणल्या... आणि कोपराच्या खाली नुसती संध्याकाळ होती.

पण लाइनमननं दिसलं ते दाखवायचं असतं. त्यानं झेंडा उभा केला, टोकावर तळहात ठेवला. समोरच्या संघानं आकाशपाताळ एक केलं. उंच स्टँडवरचे पंच निजामुद्दीन सर, निवृत्त पीटी मास्तर, त्यांनी कडूबाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं गुण दिला.

पुढच्या सामन्यात दोनदा. त्याच्या पुढच्यात तीनदा. दर वेळी कुणीही न शिवलेली जाळ्याची दोरी कितीतरी वेळ थरथरत राहायची. हे कुणी पाहिलं नाही. लोकांनी फक्त कडूबाचा तळहात पाहिला आणि निष्कर्ष काढला. भुतापेक्षा प्रेमावर लोकांचा विश्वास चटकन बसतो. त्याला अंधारही लागत नाही.

"ओ भावजी, आज किती टच?" पोरी ओरडायच्या. "वहिनीला एखादा जास्तीचा द्या!"

एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर वहिनी स्वतःच समोर येऊन बसली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, डोळ्यांत त्याहून गार काहीतरी.

"मी आवडते म्हणून गुण देता?"

"गुण टचचे असतात," कडूबा म्हणाला. "आवडणं... ते वेगळं खातं आहे."

"म्हणजे खातं आहे?"

तो चहात पाहू लागला. चहानं काही मदत केली नाही.

"ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. "एक जरी गुण तुम्ही फुकट दिला असेल ना, तर माझा हात शिल्लक आहे की संपला, ते मला कधीच कळणार नाही. तेवढंच कळून घ्यायला मी इतक्या लांब आले. दया नको."

"दया नाय. हात होते."

"किती?"

"...सहा."

तिनं ग्लास खाली ठेवला. "बांगड्या हिरव्या?"

"तुम्हालापण दिसतात?"

"आल्यापासून! सरावातसुद्धा. मी कितीही उंच गेले तरी ती आधीच वर असते." तिच्या दंडावर काटा होता. त्यानं तो पाहिला. त्याच्या दंडावरचा तिनं पाहिला. बाकीचे लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघून प्रेमात पडतात. या दोघांचं भलतीकडंच बघून जमत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी कडूबानं निजामुद्दीन सरांना सगळं सांगितलं आणि ते हात करून दाखवले. आत वळलेले अंगठे पाहताच सरांच्या तोंडातली शिटी खाली पडली.

"असा ब्लॉक अख्ख्या औरंगाबादेत एकीचाच होता. सगीरा. स्टेट के कॅम्प में नाम आया था उसका. त्याच आठवड्यात लग्न ठरलं, गेलीच नाही."

"कधी वारल्या?"

"वारेल कशाला? ती काय, भिंतीपलीकडं राहते. लकवा मारलाय. गर्दन के नीचे कुछ नहीं हिलता."

कडूबा आणि मारिव्हिक दोघं गेले. छोटी खोली, मैदानाच्या बाजूला बंद खिडकी. सगीरा आपा उशांना टेकून पडल्या होत्या. रजईवर दोन निश्चल हात, मनगटांत हिरव्या बांगड्या. बोटांची टोकं सुजलेली, लालभडक.

"शाम को अम्मी की आँख लगती, उठे तो उँगलियाँ ऐसी," सून वहिदा म्हणाली. "डॉक्टर बोले, चींटी काटी होगी. रोज? दसों उँगलियों को?"

आपांनी मारिव्हिकला डोळ्यांनीच मापलं. "लई जोरात मारतीस गं," त्या म्हणाल्या. मग, "जाने का है, कि रहने का?"

वहिदानं मराठीत सांगायच्या आतच मारिव्हिकला प्रश्न कळला होता. "जिंकले तर राहीन."

"मैं वो नहीं पूछी," आपा म्हणाल्या आणि डोळे मिटले.

अंतिम सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. मारिव्हिकचा गुडघा सुजून दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा दिसत होता, तरी ती उडत होती. समोरच्यांना एकच गुण हवा होता. चेंडू तिच्यासाठी उचलला गेला. ती वर गेली... इतकी वर, की कडूबाला वाटलं, ही आता परत येत नाही.

ते हात आले.

आणि चेंडू बोटांना लागणार तेवढ्यात, दाराची दोन कवाडं उघडावीत तसे बाजूला झाले.

चेंडू मधून निघून गेला. रेषेबाहेर, वीतभर. कडूबाचा झेंडा वर गेला, आणि सगळं मैदान त्याच्या डाव्या हाताकडं पाहू लागलं. काकासाहेबांनी तर टाळीसाठी पंजे तयारच ठेवले होते. तळहात टोकावर ठेवला, तर सामना जिवंत. ती इथंच राहण्याची शक्यता जिवंत. कुणाला नवल वाटलं नसतं. लाइनमनची ख्यातीच ती होती.

डावा हात मांडीला चिकटून राहिला.

"ओ भावजी, टच!" कप्तान किंचाळली. निजामुद्दीन सर शिटी ओठांत धरून थांबले. त्यांची नजर मारिव्हिककडं गेली.

"आउट," ती म्हणाली. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शिटी वाजली.

काकासाहेब तिच्याशी एक शब्दही न बोलता गाडीत बसले. मैदान रिकामं झालं. ती कोर्टावरच पाय पसरून बसली होती. कडूबा येऊन जरा अंतरावर टेकला.

"मी हात ठेवला असता तर —"

"तर मी आजच बॅग भरली असती, आणि वळून पाहिलं नसतं." ती त्याच्याकडं सरकली. "आज तळहात वर गेला नाही, म्हणून कळलं — आधीचे सगळे गुण माझेच होते. माझा हात आहे अजून. तो आहे तोवर थांबते... आता बोल. इतके दिवस काय गिळून बसलायस?"

ती पहिल्यांदा 'अरे-तुरे'वर आली होती. वारा नव्हता, तरी जाळं एकदा हललं. दोघांनीही तिकडं पाहायचं टाळलं.

"मला तू लई आवडतेस," कडूबा म्हणाला. "जाऊ नको."

"इथं राहून करू काय? संघ गेला."

"आमच्या गावी, देवगाव रंगारीला, शाळेचं मैदान आहे. नेट नाय."

"मुली आहेत?"

"लई."

"उंच?"

"उंच नाय. पर ऐकत नाहीत कुणाचं."

"मग चालेल," ती म्हणाली, आणि त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ घट्ट धरून ठेवला. मग काहीतरी आठवून सावध झाली. "तिकडं अडवणारं कुणी आहे?"

"आई आहे. भागूबाई."

मारिव्हिकनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "...जिवंत?"

"लईच," कडूबा म्हणाला.